नायट्रॉक्स घ्यावं का? मालदीवच्या बोटीवरचा एक आठवडा

शनिवार : माले

मुंबईहून सकाळी निघालेलं विमान मालेला उतरतं तेव्हा पोटात कावळे ओरडत असतात, आणि विमानतळाच्या दारातून रस्ता ओलांडला की सरळ धक्काच. सामान होडीत, होडीतून बोटीवर, आणि बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या हातात फॉर्म. नाव, वय, कुठली सर्टिफिकेट्स, शेवटची डाईव्ह कधी, विमा आहे का. सगळ्यात खाली एक चौकट होती : हवा की नायट्रॉक्स? आणि शेजारी बारीक अक्षरांत : नायट्रॉक्स, पूर्ण आठवडा, १०० डॉलर.

आम्ही पाचजण मराठी. मी, माझी भाची, कॉलेजपासूनचा माझा नागपूरचा मित्र (बँकेत आहे), कोल्हापूरचे एक दंतवैद्य आणि त्यांच्या पत्नी. बाई डायव्हर नाहीत, त्या स्नॉर्केलवाल्या. बाकीच्या खोल्यांत जर्मन आणि कोरियन मंडळी. बोटीच्या मागे एक ढोणी दिवसभर सोबत असते. कॉम्प्रेसर, टाक्या आणि आमचा सगळा पसारा तिच्यावर, त्यामुळे मुख्य बोटीवर कॉम्प्रेसरची धडधड ऐकावी लागत नाही.

"शंभर डॉलर कायचे बे?" मित्राने विचारलं. "हवाच तं आहे ना ती?"

हवाच आहे. साध्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो, बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. मनोरंजनासाठी डायव्हिंग करणाऱ्यांना मिळतं त्या नायट्रॉक्समध्ये प्राणवायू बहुतेक वेळा ३२ टक्के असतो, कधी ३६. तेवढा नायट्रोजन कमी. पाण्याखाली दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळत जातो. ठरावीक वेळेपेक्षा जास्त थांबलं तर वर येताना वाटेत थांबे घेत यावं लागतं, नाहीतर त्याचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जारज्जू, कुठेही दगा देऊ शकतात. नायट्रोजन कमी ओढला की ही वेळ लांबते. आकड्यांत सांगायचं तर ३० मीटरवर ३२ टक्क्यांचं नायट्रॉक्स ओढणाऱ्याच्या अंगात जेवढा नायट्रोजन मुरतो, तेवढा हवेवर २४-२५ मीटरला मुरतो. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात हवेवर ३० मीटरला २० मिनिटं मिळतात, २५ मीटरला २९. म्हणजे त्या १०० डॉलरला ३० मीटरवरची जेमतेम नऊ मिनिटं.

"नऊ मिनिटं!" मित्राने फॉर्मवर पेन टेकवलं आणि उचललं. शेवटी त्याने घेतलं, कारण त्याच्याकडे नायट्रॉक्सचं सर्टिफिकेट नव्हतं आणि कोर्स बोटीवरच होणार होता. नवीन सर्टिफिकेट म्हटलं की तो विरघळतो. भाचीने न विचारताच खूण केली. डॉक्टरांकडे सर्टिफिकेट होतं, तरी त्यांनी हवेवर खूण केली आणि म्हणाले, "मला कुठं तळाला जाऊन राहायचंय?"

रात्री भाचीने वहीत दोन रकाने आखले, 'हवा' आणि 'घड्याळ'. प्रत्येक डाईव्ह कशामुळे संपली ते लिहायचं. टाकीतली हवा संपत आली म्हणून वर आलो तर पहिला रकाना, मनगटावरच्या डायव्ह कॉम्प्युटरने वेळ संपली म्हटलं तर दुसरा. "मामा, नायट्रॉक्सचा फायदा फक्त दुसऱ्या रकान्यातल्याला," ती म्हणाली. आठवडाभर मी जे लांबण लावणार होतो ते तिने एका वाक्यात सांगून टाकलं.

रविवार : दक्षिण माले अटॉल

मालदीवमध्ये पहिली डाईव्ह तपासणीची. उथळ पाण्यात मास्क काढून दाखवा, बॉयन्सी (खाली-वर न जाता पाण्यात तोल राखणं) दाखवा. नियम कडक आहेत : हौशी डायव्हरने ३० मीटरच्या खाली जायचं नाही आणि डिकोचे, म्हणजे नायट्रोजन बाहेर पडू द्यायला वर येताना घ्यायचे, थांबे लागतील अशी डाईव्ह करायची नाही. कितीही अनुभवी असा.

पण खरी परीक्षा त्याआधी ढोणीवर झाली. नायट्रॉक्सवाल्याने आपली टाकी स्वतः मोजायची, दुसऱ्याने मोजलेली चालत नाही. ॲनलायझर म्हणजे मुठीएवढा डबा आणि त्यात एक सेन्सर. आधी तो मोकळ्या हवेत धरून आकडा २०.९ वर आणायचा. मग टाकीचा नळ इतका हलका उघडायचा की नुसती फुस्स अशी बारीक धार यावी, आणि सेन्सर तिच्यावर धरायचा. धार जोरात सोडली तर आकडा खोटा येतो. माझा २४, २८, ३१ करत चढत गेला आणि ३१.७ वर थबकला. मग टाकीच्या गळ्याला चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने टक्के, कमाल खोली, तारीख, नाव. वहीत सही. मग मनगटावरच्या कॉम्प्युटरमध्ये तोच आकडा. हे दर टाकीला, रोज तीनतीनदा. पहिल्या दिवशी मजा वाटते, नंतर ओल्या हातांनी चिकटपट्टीचं टोक शोधताना वैताग येतो.

दुपारी कंदूमा थिला. थिला म्हणजे समुद्राच्या पोटातून उठलेली, पण पाण्याबाहेर न आलेली टेकडी. प्रवाह असा की उतरल्या उतरल्या २५ मीटरवरच्या कडेला धरून राहावं लागलं. समोरच्या निळाईत ट्रेव्हलींचा थवा आणि त्याच्या पलीकडे ग्रे रीफ शार्क येरझाऱ्या घालत होते. डॉक्टरांच्या टाकीचा गेज सगळ्यांत आधी ५० बारवर आला (बार हे दाबाचं माप). त्यांना हाताने 'वर' अशी खूण झाली तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरवर वेळ शिल्लक होती. हवा नव्हती.

संध्याकाळी डेकवर मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. ॲल्युमिनियमची नेहमीची टाकी ११ लिटरची. २०० बारने भरली की सुमारे २२०० लिटर हवा. ५० बार राखीव सोडले की वापरायला साडेसोळाशे लिटर. डॉक्टर मिनिटाला २० लिटर ओढतात असं धरू. २५ मीटरवर दाब साडेतीनपट, म्हणजे तिथे मिनिटाला ७० लिटर. टाकी २४ मिनिटांत खलास. हवेवरची मर्यादा २९ मिनिटं. ती गाठेपर्यंत डॉक्टर वर येऊन टॉवेल शोधत असतात. त्यांना नायट्रॉक्स दिलं तर मर्यादा ४५ मिनिटं होईल, पण २४ मिनिटांत आटपणाऱ्या माणसाला २९ काय आणि ४५ काय.

भाचीचं उलटं. ती मिनिटाला १२ लिटरमध्ये भागवते. २५ मीटरवर मिनिटाला ४२, म्हणजे टाकी चाळीसेक मिनिटं पुरते. हवेवर तिला २९ मिनिटांना वर यावं लागलं असतं, तेही टाकीत भरपूर हवा शिल्लक असताना. ती दहा मिनिटं तिची, आणि त्याच दहा मिनिटांसाठी नायट्रॉक्स आहे. प्रत्यक्षात कोणी एकाच खोलीवर बसून राहत नाही आणि कॉम्प्युटर क्षणाक्षणाला नवा हिशेब करतो हे खरं, पण मेख हीच.

"म्हणजे मी घेतलं नाही ते बरोबरच," डॉक्टर म्हणाले. होय, तोपर्यंत बरोबरच.

सोमवार : वावू अटॉल

पहाटे मियारू कंदू. अटॉल म्हणजे प्रवाळाचं कडं, आणि कंदू म्हणजे त्या कड्यातली खिंड. या दिवसांत ईशान्येचे वारे असतात. पूर्वेकडच्या खिंडींतून महासागराचं स्वच्छ पाणी आत घुसतं आणि शार्क तोंडाशी येऊन त्या धारेत तरंगतात. आपण खिंडीच्या ओठावर मेलेल्या खडकात आकडा (हुक) अडकवायचा, दोरीच्या टोकाला पतंगासारखं लटकायचं आणि बघत राहायचं. खोली २६ ते २८ मीटर. प्रवाहात मास्क हलतो, रेग्युलेटर थरथरतो, आणि समोरून शार्क शेपटीही न हलवता जात असतो.

इथे घड्याळ बोचतं. हवेवरच्या सगळ्यांना दहा-बारा मिनिटांनी आकडा सोडून वरच्या अंगाला सरकावं लागलं, आम्ही अजून लटकलेलो. माझी हवा डॉक्टरांपेक्षा बरी पण भाचीपेक्षा लवकर जाते, म्हणून मी मधल्यामध्ये सुटलो. भाची सगळ्यांत शेवटी.

खरा फरक दुपारच्या तिसऱ्या डाईव्हला दिसला. सकाळपासूनचा नायट्रोजन दोन-दोन तासांच्या विश्रांतीत पूर्ण निघून जात नाही. थोडा मुरलेलाच राहतो आणि पुढच्या डाईव्हच्या वेळेतून कापला जातो. डॉक्टर २२ मीटरवर गेल्या गेल्या त्यांच्या कॉम्प्युटरने पंधरा-सोळा मिनिटं दाखवली. म्हणजे आज त्यांच्या टाकीआधी त्यांचं घड्याळ संपणार होतं. त्यांना १४ मीटरवर चढावं लागलं. बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, म्हणून माझा मित्रही त्यांच्याबरोबर वर. खाली गरुड-रे मासे ओळीने गेले ते त्या दोघांनी वरून पाठीच पाहिल्या.

भाचीच्या वहीत डॉक्टरांची पहिली नोंद 'घड्याळ' रकान्यात पडली. काल मी मांडलेला हिशेब दिवसाच्या पहिल्या डाईव्हचा होता. दिवसाला तीन-तीन डाईव्ह, त्याही ओळीने कित्येक दिवस, असं असेल तर हवा ढोसणाऱ्यालाही नायट्रॉक्स कामी येतं. दुकानात एकेक डाईव्ह विकणारा आणि बोटीवर आठवडा विकणारा, दोघांनी नायट्रॉक्सबद्दल वेगळं बोलायला हवं. बोलत कोणी नाही. दोघंही एकच पत्रक देतात.

रात्री अलिमाथाला नाईट डाईव्ह. नर्स शार्कांची अक्षरशः जत्रा. टॉर्चच्या उजेडात ते पायांमधून, काखेतून, डोक्यावरून जातात आणि मधूनच एखादा स्टिंग-रे अंगावर पांघरूण घातल्यासारखा सरकतो. खोली दहा-बारा मीटर. हवेवर १२ मीटरला तक्त्यात १४७ मिनिटं आहेत. इथे नायट्रॉक्स म्हणजे नुसती चैन.

मंगळवार : वावूतून अरीकडे

डॉक्टरांनी सकाळी न बोलता ॲनलायझरच्या रांगेत उभं राहून नायट्रॉक्सची सुटी टाकी घेतली. बाईंनी अट घातली : "अहो, नायट्रॉक्स ओढा, पण घड्याळ हवेवरच ठेवा. वय बघा." ही पद्धत बरीच चालते. कॉम्प्युटर समजतो तुम्ही हवेवर आहात आणि त्या हिशेबाने वर बोलावतो, अंगात मात्र नायट्रोजन कमी. वाढलेली मिनिटं खर्चायची नाहीत, राखीव ठेवायची. पन्नाशी उलटलेल्या, वजन वाढलेल्या, दिवसाला तीन-चार डाईव्ह मारणाऱ्या माणसाने असं करण्यात मला काही वावगं दिसत नाही. आकडेवारीने ते सिद्ध करणं मात्र कठीण आहे, कारण नियम पाळणाऱ्या हौशी डायव्हरला बेंड्स (ते बुडबुड्यांचं दुखणं) होण्याचं प्रमाण मुळातच फार थोडं आहे. या पद्धतीतली एक खोट शुक्रवारी दिसली, ती तिथे सांगतो.

मित्राच्या टाकीवर हिरव्या-पिवळ्या पट्ट्याचं नायट्रॉक्सचं स्टिकर होतं. ॲनलायझर लावला, आकडा २०.९. हलवला, पुन्हा लावला, २०.९. कालच्या कोर्सचं पान ताजं असल्याने तो हटेना. ढोणीवरच्या पोराने माझी टाकी मोजली, ३२. मित्राची मोजली, २०.९. स्टिकर नायट्रॉक्सचं आणि आत साधी हवा. भरताना अदलाबदल झाली होती.

यात धोका कुठला ते नीट बघा. कॉम्प्युटरला ३२ सांगितलेले, टाकीत २१. म्हणजे अंगात जास्त नायट्रोजन मुरतोय आणि मनगटावरचं यंत्र निवांत मिनिटं वाटतंय. ढोणीवरचं यंत्र पडदा पद्धतीचं आहे : पोकळ तंतूंच्या जुडग्यातून हवा जाते, प्राणवायू त्यांच्या भिंतींतून लवकर पार होतो, नायट्रोजन मागे राहतो, आणि प्राणवायू वाढलेली ती हवा कॉम्प्रेसर ओढून घेतो. बोटीवर शुद्ध प्राणवायूचे सिलिंडर बाळगावे लागत नाहीत, ही मोठी सोय. पण कुठली टाकी कुठल्या नळीला लावली हे शेवटी माणूसच ठरवतो. टाकी बदलून मिळाली, कोणी ओरडलं नाही, पोराने कान पकडले. त्या दिवसानंतर चिकटपट्टीचा माझा वैताग मात्र गेला.

दुपारनंतर वावूहून अरीकडे उघड्या समुद्रातून प्रवास. बोट डुलायला लागली तशी अर्धी मंडळी आडवी झाली. जी उभी राहिली ती डेकवर जमली, आणि डॉक्टरांनी विचारलं की ३२ टक्क्यांना ३३ मीटरचीच मर्यादा का.

कारण प्राणवायूही दाबाखाली विष होतो. हौशी डायव्हिंगमध्ये त्याचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, १.४ बारपर्यंत धरतात. ३२ टक्क्यांना तो ३३ मीटरच्या जरा पुढे येतो, ३६ टक्क्यांना २९ मीटरच्या आतच. त्यापलीकडे आकडी येऊ शकते. नुसती आकडी जमिनीवर बहुधा मारत नाही, पण पाण्यात तोंडातला रेग्युलेटर सुटतो. आणि आकडी येण्याआधी काही जाणवेलच याचा भरवसा नाही. म्हणून नायट्रॉक्सवाला साध्या हवेवाल्यापेक्षा उथळ राहायला बांधलेला असतो. 'नायट्रॉक्स म्हणजे जास्त खोल जाता येतं' असं निम्म्या लोकांना वाटतं, ते नेमकं उफराटं आहे.

हे शोधून काढणाऱ्यांत एक माणूस आपल्याकडचा म्हणता येईल. जे. बी. एस. हाल्डेन. त्यांच्या वडिलांनी, जॉन स्कॉट हाल्डेन यांनी, बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये वर येताना घ्यायच्या थांब्यांचे पहिले तक्ते दिले. मुलाने बकऱ्यांऐवजी स्वतःला दाबकक्षात घातलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलासाठी दाबाखाली प्राणवायू ओढून त्यांनी आकड्या ओढवून घेतल्या आणि एकीत पाठीच्या मणक्याला कायमची इजा करून घेतली. पुढे ते भारतात आले, १९६१ मध्ये भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. डॉक्टरांना हाल्डेन जनुकशास्त्रामुळे माहीत होते, हे माहीत नव्हतं.

नायट्रॉक्सची पुढची गोष्ट अमेरिकेतली. तिथल्या नोआ या सरकारी संस्थेने १९७० च्या दशकात ते आपल्या शास्त्रज्ञ-डायव्हरांसाठी वापरात आणलं. नोआतूनच आलेल्या डिक रुटकोव्स्की यांनी १९८५ मध्ये ते हौशी लोकांना शिकवायला संस्था काढली, आणि डायव्हिंगचा सगळा धंदा त्यांच्यावर तुटून पडला. 'व्हूडू गॅस', म्हणजे जादूटोण्याचा वायू, म्हणून हिणवलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तर धंद्याच्या वार्षिक प्रदर्शनात नायट्रॉक्सवाल्यांना जागाच द्यायची नाही असं ठरलं होतं, ते मागे घ्यावं लागलं. त्याच दशकाच्या मध्याला पाडीसकट सगळे नायट्रॉक्सचे कोर्स विकू लागले. काल ज्याला भूत म्हणून हाकललं त्यालाच आज दुकानात बसवून त्याचं सर्टिफिकेट देतात.

बुधवार : दक्षिण अरी

मामिगिलीच्या बाहेरचा पट्टा २००९ पासून संरक्षित आहे, तिथे व्हेल शार्क वर्षभर दिसतात. सकाळपासून बोटी त्याच कड्याला समांतर फिरत असतात. दिसला की आरोळी, फिन्स, आणि धपाधप उड्या. टाकी नाही, नायट्रॉक्स नाही, नुसतं स्नॉर्केल. दिवसाची सगळ्यांत सुंदर वेळ बाईंच्या वाट्याला आली. त्या त्याच्या ठिपक्यांच्या पाठीवर, राखायचं तेवढं अंतर राखून, बराच वेळ तरंगत राहिल्या. डॉक्टर फिन्स चढवेपर्यंत तो खाली गेला.

नाश्त्याला रोज मास हुनी : ट्यूना, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, सगळं हाताने कालवलेलं, आणि बरोबर रोशी, म्हणजे आपली चपातीच. डॉक्टरांनी त्यात कोल्हापूरहून आणलेली लसणाची चटणी मिसळली आणि खानसाम्याने ती बाटली परत दिली नाही.

जेवणानंतर मित्र सांगत बसला की नायट्रॉक्समुळे त्याला अजिबात थकवा नाही. हे प्रत्येक बोटीवर ऐकू येतं. ॲडलेडच्या रिचर्ड हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे तपासलं होतं. हे तेच भूलतज्ज्ञ हॅरिस, ज्यांनी २०१८ मध्ये थायलंडच्या गुहेत अडकलेल्या मुलांना भूल देऊन बाहेर काढायला मदत केली. डायव्हरांना कोरड्या दाबकक्षात १८ मीटरच्या दाबाला नेलं, कधी हवा दिली, कधी नायट्रॉक्स, आणि कोणती दिली ते सांगितलं नाही. थकव्यात फरक सापडला नाही. हे मी मित्राला सांगत होतो तेव्हा तो खुर्चीत घोरत होता.

माझा स्वतःचा अनुभव? मलाही कमी थकल्यासारखं वाटतं. पैसे भरलेत म्हणून वाटत असेल.

गुरुवार : अरी अटॉल

फिश हेड, म्हणजे मुशिमासमिगिली थिला. १९९५ मध्ये मालदीवने ज्या जागांना संरक्षण दिलं त्यांतली एक. माथा दहाएक मीटरवर, कडा खाली ३० च्या पलीकडे उतरत जाते. ब्लू-स्ट्राईप स्नॅपरांची पिवळी भिंत, तिच्यात ट्यूना घुसला की भिंत फाटते आणि पुन्हा शिवली जाते.

इथे आणखी एक मर्यादा लक्षात आली, पत्रकात न लिहिलेली. बोटीचा नियम होता : डाईव्ह साठ मिनिटांची, तेवढ्यात सगळ्यांनी ढोणीवर. भाची २० मीटरवरून हळूहळू चढत माथ्याशी आली तेव्हा तिच्याकडे ८० बार हवा होती आणि कॉम्प्युटरवर मिनिटंच मिनिटं. तरी गाईडने घड्याळ दाखवलं. तिने वहीत तिसरा रकाना काढला, 'गाईड'. चढता-उतरता प्रोफाईल असलेल्या, माथा उथळ असलेल्या रीफवर हवेवालाही साठ मिनिटं सहज काढतो. नायट्रॉक्सचं सोनं होतं ते १८ ते ३० मीटरच्या पट्ट्यात मुक्काम टाकावा लागतो तिथे : खिंडीचा ओठ, वाळूत बसलेलं जहाज, सपाट तळ.

संध्याकाळी माया थिलाला नाईट डाईव्ह. मी बोटीवरच राहिलो, कान जरा धरले होते.

शुक्रवार : रस्धू

उजाडायच्या आत उठवलं. रस्धूला पहाटे हॅमरहेड येतात, पण रीफपाशी नाही. कडा सोडून उघड्या निळाईत जायचं आणि खाली काही नाही, वर काही नाही, अशा जागी २५ मीटरवर तरंगत राहायचं. गाईडने तीनदा बजावलं : ३० च्या खाली कोणी नाही.

बराच वेळ नुसता निळा रंग. मग भाचीने खाली बोट दाखवलं. आमच्या बरेच खाली, सात-आठ सावल्या, आणि त्यातली एक वळली तेव्हा ते हातोडीसारखं डोकं स्पष्ट दिसलं. सगळे नकळत त्या दिशेला झुकले. डॉक्टर झुकले ते झुकतच गेले. निळाईत खालीवर कळत नाही, तळ नसला की डोळ्याला खोली लागत नाही. त्यांचा कॉम्प्युटर हवेवर लावलेला, म्हणजे त्याच्या मते प्राणवायू २१ टक्के आणि सगळं आलबेल. माझ्या मनगटावरचा, ३२ सांगितलेला, ३३ च्या पुढे गेलो असतो तर किंचाळला असता. त्यांचा गप्प. गाईडने टाकीवर धातूची कांडी ठणाठण वाजवली आणि त्यांच्या बीसीडीचा (हवा भरून तरंगायच्या जाकिटाचा) पट्टा धरून वर आणलं. कॉम्प्युटरवर कमाल खोली ३४.२.

वर आल्यावर डॉक्टर बराच वेळ चहाचा कप धरून बसले. काही झालं नव्हतं. १.४ ही काही कड्याची धार नाही की पाय पडला आणि गेले, त्या आकड्यात सावधगिरीचा भाग आहे. पण घड्याळ हवेवर ठेवायचं तर प्राणवायूची चौकी आपली आपण करायची, आणि ती डोक्यात करायची. निळ्या पाण्यात, हॅमरहेड समोर असताना, ते डोकं जागेवर असतंच असं नाही. नायट्रोजनमुळे खोलवर येणारी गुंगीही नायट्रॉक्सने कमी होते म्हणतात, तेही धरून चालू नये, दाबाखालचा प्राणवायूही गुंगी आणतो असं मानलं जातं. आता बहुतेक कॉम्प्युटरमध्ये खरा टक्का घालून हिशेब मात्र जास्त कडक करायची सोय असते. बाईंची अट तिथे पुरी झाली असती आणि भोंगाही वाजला असता. दुसऱ्या डाईव्हला डॉक्टरांनी तसंच केलं.

ती शेवटची. मग टाक्या परत, सामान धुऊन दोरीवर. रात्री बिलं आली. सुट्या टाक्यांचा डॉक्टरांचा हिशेब आमच्या पॅकेजपेक्षा थोडा वरच गेला होता.

शनिवार : परतीचं विमान

अनेक दिवस डाईव्ह मारल्यावर उडायच्या आधी निदान अठरा तास कोरडं राहायचं. नायट्रॉक्सवर होतो म्हणून त्यात सूट नाही. मालेच्या बाजारात मासळीच्या ओट्यांवर ट्यूना कापणाऱ्यांचे हात बघत आम्ही ते तास घालवले.

भाचीला अंदमानला जायचंय, डिक्सन्स पिनॅकलला. तिथे २० ते ३० मीटरवरच मुक्काम असतो, दिवसाला दोन-तीन डाईव्ह, आणि तिची हवा संपत नाही. तिने घ्यावंच. मित्र म्हणाला की आता सर्टिफिकेट आहे तर तो तारकर्लीलाही नायट्रॉक्स मागणार. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या त्या पाण्यात सहा-आठ मीटरवर ३२ टक्के मागितलं तर मालवणची पोरं काय म्हणतील ते मी त्याला मालवणीत सांगून पाहिलं. नागपूरकराला कळलं नाही, हेच बरं झालं.

डॉक्टर मात्र गंभीर होते. दिवाळीनंतर त्यांना मुरुडेश्वरहून नेत्राणीला जायचं होतं.

"तिथं घेऊ का?"

"पाणी पंधरा-सोळा मीटर, दिवसाला दोन डाईव्ह. नको."

"मग तेवढ्या पैशात काय करू?"

"एखाद्या चांगल्या इन्स्ट्रक्टरबरोबर दोन दिवस नुसती बॉयन्सी घासा. कंबरेच्या पट्ट्यातलं शिसं दोन किलो कमी करा. हातपाय मारणं थांबलं की वीसचे पंधरा लिटर होतील."

बाईंनी मान वर न करता विचारलं, "आणि घोरणं?"

त्याचा कोर्स पाडीकडे नाही. बोर्डिंगची घोषणा झाली तेव्हा मित्र खुर्चीत झोपलेला होता, आणि डॉक्टर फोनवर बॉयन्सी कोर्सची फी शोधत होते.